केसभर पुढे

कानसेनांच्या मते शहरात अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि तो त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. गाडी आली की ते आधी बॉनेट उघडायचे नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगून, डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून उभे राहायचे आणि मग म्हणायचे, ‘‘तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह.’’ उघडून बघावं तर तिसऱ्या सिलिंडरचाच वॉल्व्ह असायचा. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की कुणाचंही डोकं चार बोटं वर तरंगायला लागतं. कानसेनांचं तर छताला टेकलं होतं.

नव्या मेकॅनिकांना ते ‘बटणदाबे’ म्हणत. मुलीने मोठ्या हौसेने त्यांना टायमिंग लाइट आणून दिला होता. ठिणगी नेमकी कधी पडते ते प्रकाशाच्या झोतात दाखवणारं ते यंत्र. तो त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आणि त्याच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घातलं. ‘‘ज्याला ऐकू येत नाही त्याने बघत बसावं,’’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

हल्ली तर त्यांच्या तुच्छतेला रोज नवं खाद्य मिळत होतं. लोकांना साधं बोलता येईनासं झालं होतं. बातम्या देणाऱ्या पोरी तोंडात गोळी धरल्यासारख्या बोलत. बायको पुटपुटत असे, आणि ‘काय ते स्पष्ट बोल’ म्हटलं की उगाच मोठ्याने ओरडत असे. कुकर नवा आणला तर त्याची शिट्टी वाजत नव्हती. बायको म्हणे वाजते. आता काय बोलायचं अशा बाईला? खिडकीतल्या झाडावर पूर्वी पाखरं कलकलाट करायची, तीही कुठे नाहीशी झाली होती. एकूण जगाचाच दर्जा घसरला होता, आणि कानसेनांना त्याचं आश्चर्य वाटत नव्हतं.

पण या सगळ्या जगाला एका पारड्यात टाकलं तरी दुसऱ्या पारड्यात साडू जड भरला असता.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं गाद्या-उशांचं दुकान होतं. माणूस गुबगुबीत, सावकाश बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कानसेन त्याला ‘गादीवाले’ म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तो हसून घेत असे. हसून घेतो म्हणूनही कानसेनांना त्याचा राग यायचा. शिवी दिल्यावर समोरच्याने निदान तोंड तरी वाकडं करावं.

एवढं असूनही त्यांनी त्याला एरवी माफ केलं असतं. माफ करता येत नव्हतं ते गाडीमुळे. त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, एक जुनी गाडी होती. दोन माणसांची, बिनछपराची, गडद हिरवी, लांबलचक बॉनेटची. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. साधं इंजिन श्वास घेतं तेवढीच हवा घेतं. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरत राहतो आणि इंजिनाच्या घशात हवा कोंबतो, त्यामुळे छोटंसं इंजिन मोठ्या इंजिनाचा जोर दाखवतं. त्या गाडीवर कानसेन काम शिकले. सासरे जावयाला नव्हे तर शिष्याला शिकवावं तसं शिकवत होते, आणि कानसेनांच्या मते उभ्या आयुष्यात आपल्याहून शहाणा असा तोच एक माणूस त्यांना भेटला होता.

म्हणून सासरे गेले आणि गाडी गादीवाल्याला मिळाली तेव्हा कानसेनांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांच्या वाट्याला हत्यारांची पेटी आली. ज्याला कार्बुरेटर आणि कॉफीचं भांडं यांतला फरक कळत नाही त्याला गाडी, आणि ज्याने त्या इंजिनाचा नट न् नट हाताळला त्याला पाने! म्हाताऱ्याला शेवटी शेवटी भ्रम झाला होता असं त्यांनी ठरवून टाकलं. तसं ठरवलं नसतं तर त्यांना झोप लागली नसती.

आणि आता तोच गादीवाला ती गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा होता.

‘‘साडूभाऊ, रविवारी जुन्या गाड्यांची चढाची शर्यत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आबांच्या वेळेपासून ही गाडी धावली नाही. तुम्ही लावून दिलीत तर तुम्हीच चालवा. मी शेजारी बसेन.’’

‘‘तुम्ही कशाला शेजारी? वजन वाढवायला?’’

‘‘तेवढी एकच अट आहे माझी,’’ गादीवाला हसून म्हणाला.

कानसेन त्याला नेहमी अहो-जाहोच करत. तो मान नव्हता. चिमट्याने उचलून बाजूला ठेवावं तशातला तो प्रकार होता. पण शर्यतीला धंद्यातलं झाडून सगळं येणार होतं. बटणदाबेही येणार होते. सगळ्यांच्या देखत ती गाडी चढ फोडून वर जाईल आणि लोक म्हणतील, इंजिन कानसेनांनी लावलंय. एवढ्यासाठी शेजारी गादीवाला काय, खुद्द गादी ठेवली असती तरी त्यांना चाललं असतं.

भीती एकाच गोष्टीची होती. या इंजिनाचे पिस्टन आता जगात कुठे मिळत नव्हते. होता तो शेवटचा संच सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. त्यातल्या एकाला जरी भोक पडलं तरी ती गाडी पुन्हा कधी चालणार नव्हती, दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटासारखी नुसती पुसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्बुरेटरपासून सुरुवात केली. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा तो भाग. कोंबलेल्या हवेला पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, म्हणून ते अंमळ सढळच ठेवायचं असतं. कानसेनांनी पेट्रोल सोडणारे जेट काढून फुंकून पाहिले, सुई उजेडात धरून पाहिली. मग नेहमीच्या रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं कानाशी. आत जाणाऱ्या हवेचा सूं आवाज ऐकून ते स्क्रू फिरवत असत.

नळीतून काहीच येईना.

‘‘रबर कुजलंय,’’ ते म्हणाले आणि नळी कोपऱ्यात भिरकावली. नवी नळी कापली. तीही तसलीच. ‘‘हल्ली रबरसुद्धा धड बनवत नाहीत.’’

मग त्यांनी मागे धुराड्याशी जाऊन इंजिनाचे ठोके ऐकले, धुराचा वास घेतला आणि त्यावरून स्क्रू लावला. ठोके भरदार होते, एकसारखे होते. कार्बुरेटर लागला. एवढं करून त्यांनी गादीवाल्याकडे असं पाहिलं की जणू त्याने टाळ्या वाजवायला उशीर केला.

‘‘सुपरचार्जर मात्र गात नाहीये,’’ ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. ‘‘आबांच्या वेळी कसा भुंग्यासारखा सूर लागायचा. पट्टा सैल पडला असणार.’’

पट्टा सैल नव्हता. गादीवाला काहीतरी बोलायला गेला, मग त्याने तोंड मिटलं.

चहा घेऊन आलेली बायको दारात उभी राहून काहीतरी म्हणाली. कानसेनांना नुसते तिचे ओठ हललेले दिसले. ‘‘बघा, पुटपुटली,’’ ते गादीवाल्याला म्हणाले. ती कप ठेवून परत जाताना आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडे क्षणभर बघून गेली. त्या बघण्यात काय होतं याचा विचार करण्याची कानसेनांना गरज वाटली नाही.

राहिलं टायमिंग. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमक्या वेळी पडायला हवी. उशिरा पडली तर इंजिन आळसावतं. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि धातूवर हातोडीने टिचक्या माराव्यात तसा आवाज यायला लागतो. त्याला नॉकिंग म्हणतात. साधं इंजिन थोडं नॉकिंग सोसतं. हवा कोंबलेलं इंजिन सोसत नाही. त्याचे पिस्टन बघता बघता वितळतात.

कानसेनांची रीत सासऱ्यांनी शिकवलेलीच होती. गाडी चढावर न्यायची, जोर लावायचा आणि ऐकायचं. टिचकी आली नाही की थांबून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा भाग, केसभर पुढे फिरवायचा, की ठिणगी तेवढी लवकर पडते. पुन्हा चढायचं. पहिली टिचकी ऐकू आली की केसभर मागे. तिथे इंजिन सगळ्यांत खूश असतं. या रीतीला दिवा लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त कान लागतात.

शर्यत होणार होती त्याच, शहराबाहेरच्या टेकडीच्या रस्त्याला दोघे लागले. दुपारची वेळ होती, रस्ता मोकळा होता. कानसेनांनी चढावर जोर दिला आणि मान तिरकी केली. इंजिन घुमत होतं. टिचकी नाही. ते थांबले, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर केसभर पुढे सरकवला, बोल्ट आवळला आणि पुन्हा बसले.

दुसऱ्या वेळी गादीवाला म्हणाला, ‘‘साडूभाऊ, टिकटिक येतेय.’’ तो त्यांच्याकडे वळून, चांगला मोठ्याने म्हणाला.

‘‘तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची असेल,’’ कानसेन म्हणाले. ते चावीचं घड्याळही सासऱ्यांनीच त्याला दिलेलं होतं आणि तेही कानसेनांच्या डोळ्यांत सलत असे. ‘‘घड्याळ खिशात ठेवा आणि गप्प बसा.’’

पुन्हा केसभर पुढे. पुन्हा चढ. टिचकी नाही. कानसेन मनात खूश झाले. आबांनी इंजिन बांधलं होतं बुवा! केवढं टायमिंग पचवतंय!

‘‘अहो, येतेय टिकटिक. पुढून येतेय. मघापेक्षा जास्त आहे.’’

‘‘गादीवाले,’’ कानसेनांनी गाडी थांबवली आणि त्याच्याकडे पूर्ण वळले. ‘‘आयुष्यभर तुम्ही काय ऐकलंत? कापूस! कापसाला आवाज असतो का? नाही. मी काय ऐकलं? इंजिनं. गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून इंजिन तुमच्याशी बोलायला लागलं असं वाटतंय का तुम्हाला? म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून तुम्ही मालक झालात. नाहीतर या सीटवर बसायची तुमची लायकी नाही. उशीसुद्धा तुमच्यापेक्षा बरी, ती निदान मध्ये बोलत नाही.’’

गादीवाल्याचा चेहरा लाल झाला. या वेळी तो हसला नाही. कानसेनांना बरं वाटलं.

त्यांनी आणखी केसभर पुढे घेतलं आणि वळणापासूनच्या उभ्या चढावर गाडी अशी सोडली की गादीवाला सीटला चिकटला. इंजिन घुमलं. कानसेन मान तिरकी करून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. त्याच वेळी गादीवाला पुढे झुकला, त्याने आपला गुबगुबीत हात डॅशबोर्डकडे नेला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

चढावर मध्येच गाडी मेली. कानसेनांनी ब्रेक दाबला.

‘‘माझी गाडी आहे,’’ गादीवाला म्हणाला. ‘‘मी बंद केली.’’

‘‘उतरा खाली.’’

दोघेही उतरले. या माणसाला त्याची जागा एकदाच आणि कायमची दाखवायची असं कानसेनांनी ठरवलं. स्पार्क प्लग खोटं बोलत नाही. नॉकिंग झालं असेल तर प्लगवर दिसतं, झालं नसेल तर प्लग स्वच्छ असतो. स्वच्छ प्लग याच्या नाकासमोर धरायचा आणि पायी घरी पाठवून द्यायचं.

बोटं भाजत असतानाच त्यांनी फडक्यात धरून पहिला प्लग काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक करडे कण होते. कुणी मिरपूड भुरभुरावी तसे. कानसेनांनी ते नखाने खरवडून पाहिले. काजळी असती तर पुसली गेली असती. हे कण चमकत होते. तो पिस्टनचा धातू होता. पिस्टन वितळायला लागला होता आणि त्याचे शिंतोडे प्लगवर उडाले होते.

त्यांनी दुसरा प्लग काढला. तसाच. तिसरा. तसाच.

एवढं व्हायला इंजिन किती वेळ ओरडत असलं पाहिजे ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पहिल्या चढापासून. कदाचित त्याच्याही आधीपासून.

ते प्लग हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी गादीवाल्याचं मनगट पकडलं आणि घड्याळ उजव्या कानाला लावलं. मग डाव्या कानाला.

‘‘हे बंद आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बंद घड्याळ घालून फिरता?’’

गादीवाल्याने मनगट सोडवून घेतलं नाही. त्याने नुसतं ते जरा फिरवलं, घड्याळाची तबकडी त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असं. सेकंदाचा काटा टुणटुण उड्या मारत पुढे चालला होता.

कानसेनांनी तो काटा बराच वेळ पाहिला. नळ्या कुजलेल्या नव्हत्या. पट्टा सैल नव्हता. कुकर वाजत होता आणि बायको धडधडीत बोलत होती. त्यांना आधी राग आला, नेहमीसारखा, पण तो कुणावर काढावा ते कळेना, कारण समोर उभा असलेला एकुलता एक माणूस बरोबर होता. मग त्यांना लाज वाटली. इतकी की गाडीच्या चाकामागे जाऊन बसावंसं वाटलं. ते खरोखरच बसले, रस्त्याच्या कडेच्या दगडावर. गादीवाला त्यांच्या शेजारी बसला आणि गाडीकडे बघत राहिला.

‘‘केव्हापासून माहीत आहे?’’ कानसेनांनी विचारलं.

गादीवाल्याने तोंड त्यांच्याकडे वळवलं, ओठ दिसतील असं. ‘‘आबा होते तेव्हापासून. त्यांनीच सांगितलं मला.’’

‘‘काय सांगितलं?’’

‘‘म्हणाले, त्याचे कान चाललेत आणि त्याला ते पटायचं नाही. गाडी त्याला दिली तर तो एकटाच चढावर नेईल आणि पिस्टन जाळून बसेल, आणि मग स्वतःही कायमचा खचून बसेल. तुला देतो. तुला काही येत नाही, म्हणजे तुला त्याच्याकडेच जावं लागेल. तो शिव्या देईल. तू फक्त शेजारी बस.’’

कानसेनांनी गाडीकडे पाहिलं. म्हाताऱ्याला भ्रम झाला होता असं इतके दिवस त्यांनी धरून ठेवलं होतं. ते आता कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

‘‘आणि इतके दिवस तू तोंड शिवून बसलास?’’ ते शेवटी म्हणाले. आपण अहो-जाहो सोडल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. गादीवाल्याच्या आलं.

‘‘सांगितलं असतं तर काय केलं असतंत?’’

‘‘हाकलून दिलं असतं.’’

‘‘म्हणून.’’

कानसेन उठले. उरलेला प्लगही काढून पाहिला, चारही पुसून परत बसवले आणि हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहिलं. पिस्टनला भोक पडलं असतं तर तिथे हँडल सैल गेलं असतं. चारही ठिकाणी ते सारखंच अडलं, चांगलं दणकट अडलं. त्यांनी पुन्हा एकदा फिरवून पाहिलं, कारण आता त्यांना स्वतःवर भरवसा नव्हता. पुन्हा तसंच अडलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

‘‘वाचलं,’’ ते म्हणाले. ‘‘तू बंद केलीस म्हणून वाचलं. आणखी एक वळण गेलो असतो तर संपलं होतं.’’

हे वाक्य त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते पूर्ण म्हटलं. गादीवाला मान खाली घालून बुटाच्या टोकाने खडे सरकवत राहिला. कौतुक ऐकायची त्याला सवय नव्हती, निदान या तोंडून नव्हती.

कानसेनांनी पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर मागे घेतला, केसभर नव्हे, चांगला बोटभर. मग गाडीत बसून त्यांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली.

‘‘हात इथे ठेव. टिचकी आली की एक बोट आपट. जेवढ्या येतील तेवढ्या वेळा. उगाच घाबरून आपटू नकोस आणि माझी भीड धरून गाळू नकोस.’’

गाडी तळापासून पुन्हा चढाला लागली. पहिल्या खेपेला हात निमूट पडून होता. कानसेनांनी जरा पुढे घेतलं. हात निमूट. आणखी जरासं. तिसऱ्या खेपेला त्याच वळणावर गादीवाल्याचं बोट एकदा आपटलं, मग पुन्हा एकदा. कानसेनांनी लगेच पाय सोडला. जुन्या सवयीने मान तिरकी झालीच होती. त्यांनी ती सरळ केली.

ते उतरले, डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतला. थोडं थांबून आणखी केसभर घेतला. पुन्हा चढले. वळण आलं, उभा चढ आला, त्यांनी पाय पूर्ण दाबला आणि गाडी एका दमात टेकडीच्या माथ्यावर आली. गुडघ्यावरचा हात पूर्ण वेळ शांत होता.

‘‘सुपरचार्जर गातोय का?’’ त्यांनी इंजिन चालूच ठेवून विचारलं.

‘‘गातोय.’’

‘‘कसा?’’

गादीवाल्याला असल्या गोष्टी सांगता येत नव्हत्या. त्याने थोडा विचार केला. ‘‘भुंग्यासारखा,’’ तो म्हणाला.

कानसेनांनी मान हलवली. समोर रस्ता उताराला लागला होता आणि रविवारी खाली सगळं शहर जमणार होतं. त्यांनी नाक पुसलं, शेजारच्या गुबगुबीत माणसाकडे नेहमीच्या तुच्छतेने बघायचा एक प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

‘‘तुझं ते गाद्यांचं दुकान बंद कधी असतं?’’

‘‘गुरुवारी.’’

‘‘मग गुरुवारी ये,’’ कानसेन म्हणाले. ‘‘कार्बुरेटरची नळी ऐकायची राहिली आहे.’’